परग्रहावरच्या फौजांची सोयरीक

विज्ञानकथांच्या चाहत्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा रंगणारा वाद म्हणजे अमुक फौज आणि तमुक फौज समोरासमोर आली तर कोण जिंकेल. मला हा वाद फारसा आवडत नाही. ज्याने त्याने आपल्या लाडक्या लेखकाच्या बाजूने निकाल आधीच लावलेला असतो, आणि ज्या लेखकाने जहाजांचे व तोफांचे आकडे अवाच्या सवा लिहून ठेवले आहेत त्याच्यापुढे बाकीच्यांचे काही चालत नाही. त्याहून अवघड प्रश्न असा, की यांपैकी कोणत्या दोन फौजा एकाच बाजूने, एकाच शत्रूविरुद्ध, शेवटपर्यंत एकत्र लढू शकतील. सोयरीक जमवताना केवळ दोन्ही घरांची श्रीमंती पाहून भागत नाही, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही; फौजांच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही बळाची सरळ बेरीज करून मोकळी होतात.

कोथरूडला राहणारा माझा भाचा अशीच बेरीज करत होता. त्याला वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या युद्धखेळाचे वेड आहे. बोटाच्या दोन पेरांएवढे प्लास्टिकचे सैनिक आणायचे, चिकटवायचे आणि भिंगाच्या दिव्याखाली, दोन-चार केसांच्या ब्रशने, त्यांच्या खांद्यावरच्या चिलखताची कड रंगवायची, यात त्याचा अख्खा रविवार जातो. ब्रश धुण्याचा पेला आणि चहाचा कप टेबलावर शेजारी शेजारी असतात आणि ब्रश नेमका चहात बुडतो. त्याने निळ्या चिलखतातले स्पेस मरीन आणि टाउ साम्राज्याचे योद्धे खांद्याला खांदा लावून उभे केले आणि मला विचारले, "मावशी, हे दोघे एकत्र आले तर कोण टिकेल यांच्यापुढे?"

शेजारच्या फ्लॅटमधले काका सैन्याच्या पुरवठा विभागातून कर्नल म्हणून निवृत्त झाले आहेत. त्या दिवशी तेही तिथे होते. हात पाठीमागे बांधून त्यांनी दोन्ही रांगांची रीतसर पाहणी केली आणि एकच प्रश्न विचारला, "यांचा दाणागोटा कोण पोहोचवतो रे?" भाच्याला उत्तर देता आले नाही. खेळाच्या नियमपुस्तिकेत दाणागोट्याला गुण नसतात.

खरे तर भाच्याची जोडी दाणागोट्याच्या आधीच मोडते. स्पेस मरीन ज्या मानवी साम्राज्यासाठी लढतात त्याच्या धर्मात परग्रहवासी हा मारण्यासाठीच असतो; तात्पुरता युद्धविराम झाला तरी तो दातओठ खाऊन पाळलेला असतो. टाउ मात्र दोस्ती करण्यात मुरलेले आहेत. 'सर्वहित' या आपल्या तत्त्वाखाली ते इतर जमातींना सामावून घेतात आणि प्रत्येकीला तिच्या पद्धतीने लढू देतात. क्रूट ही त्यांच्या पदरची जमात तर मेलेल्या शत्रूचे मांस खाऊन त्याचे गुण उचलते. टाउंना ते किळसवाणे वाटते, पण ते निभावून नेतात. दोस्त फौज म्हणून निवड करायची तर मी मरीनच्या आधी टाउंना घेईन, मग मरीन दहापट बलवान का असेनात.

पुण्यात वाढलेल्या माणसाला दाणागोटा आणि दोस्ती हे दोन शब्द एकत्र ऐकले की पानिपत आठवतेच. १४ जानेवारी १७६१ ची लढाई मराठे एका दिवसात हरले असे आपण म्हणतो. पण दोस्तांच्या हिशेबात ती आधीच्या वर्षभरात हळूहळू हरली जात होती. अयोध्येच्या शुजाउद्दौल्याला दोन्ही बाजू आपल्याकडे ओढत होत्या; रोहिल्यांचा सरदार नजीबखान स्वतः त्याच्याकडे गेला आणि त्याला अब्दालीच्या गोटात घेऊन आला. सुरजमल जाट भाऊसाहेबांबरोबर दिल्लीपर्यंत होता, तिथून तो निघून गेला. राजपूत तटस्थ राहिले. अब्दालीची रसद तोडण्याची कामगिरी ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि मग छावणीतल्या उपासमारीनेच भाऊंना बाहेर पडून लढायला भाग पाडले. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि पुढचा सगळा इतिहास बदलतो. ती कथा मला अतिशय प्रिय आहे, तरी प्रत्येक वेळी वाटते की गोळी चुकवण्यापेक्षा सुरजमलाला थांबवणे अधिक मोलाचे ठरले असते. त्याच सुरजमलाने पराभवानंतर जीव घेऊन आलेल्या मराठ्यांना आश्रय दिला, अन्नवस्त्र दिले. म्हणजे माणूस वाईट नव्हता, दोस्ती नीट बांधलेली नव्हती.

पानिपतात दुसरीही एक गोष्ट दिसते, आणि ती विज्ञानकथांतल्या फौजांना तंतोतंत लागू पडते. इब्राहिमखान गारदी फ्रेंच पद्धतीने तयार झालेला सेनानी. कवायती पायदळ आणि तोफा हे त्याचे बळ. त्याच्या आग्रहावरून गोलाची, म्हणजे तोफा व पायदळाच्या कवचात फौज बांधून लढण्याची, लढाई ठरली. मराठी घोडदळाची सारी परंपरा मात्र गनिमी काव्याची, झपाट्याने तुटून पडण्याची. गारद्यांच्या तोफा रोहिल्यांना भाजून काढत असताना डाव्या बगलेवरच्या घोडदळाला धीर निघाला नाही आणि ते पुढे घुसले, तेव्हा आपल्याच तोफांना आपलीच माणसे आड आली. दोन्ही पथके शूर होती आणि एकाच झेंड्याखाली होती, तरी एकीच्या शौर्याने दुसरीचे बळ निकामी केले. आता याच जागी स्टार ट्रेकमधले क्लिंगन आणि त्यांचे दोस्त फेडरेशन ठेवून पाहावे. रणात मरण आले तर बरे, अशी क्लिंगनांची धारणा; फेडरेशनचे कप्तान शेवटच्या क्षणापर्यंत वाटाघाटीची खिडकी उघडी ठेवणारे. फेडरेशनचा कप्तान बोलणी करत असताना शेजारच्या क्लिंगन जहाजाने तोफ डागली तर ती गोळी कोणाच्या खात्यावर मांडायची?

काकांनी यावर औंधचा दाखला दिला. औंधच्या लष्करी ठाण्यात मार्च २०१६ मध्ये अठरा देशांच्या तुकड्यांचा संयुक्त सराव झाला होता. विषय होते भूसुरुंग काढणे आणि शांतिसेनेचे काम. काकांच्या मते अशा सरावात खरी शिकवण मोर्चावर मिळत नाही. नकाशावरच्या खुणा, वायरलेसवरची भाषा, जखमीला कोणाच्या तंबूत न्यायचे, जेवणात काय चालते आणि काय चालत नाही, अशा बारीकसारीक गोष्टींत ती मिळते. त्याच ठाण्यात सप्टेंबर २०१८ मध्ये बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांच्या गटाचा सराव ठरला, तेव्हा नेपाळने ऐन वेळी माघार घेतली आणि थायलंडने केवळ निरीक्षक पाठवले. समोर शत्रू नसताना, नुसत्या सरावाला ही गत. त्यामुळे कथांमध्ये साऱ्या आकाशगंगेची आघाडी एका भाषणात उभी राहते तेव्हा मला जरा हसू येते.

काही फौजा तर दोस्तीच्या विचारातूनच बाद कराव्या लागतात. 'डॉक्टर हू' या मालिकेच्या २००६ मधल्या एका भागात सायबरमेन डालेकांपुढे आघाडीचा प्रस्ताव ठेवतात आणि डालेक तो तिथल्या तिथे फेटाळतात. आपल्याशिवाय कोणी जगावेच असे ज्यांना वाटत नाही त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा काय करणार. स्टार ट्रेकमधले बोर्ग, म्हणजे इतर जमातींना आपल्यात सामावून टाकणारे यंत्रमानव, तह करतात, पण तह चालू असतानाच तुम्हाला गिळण्याची सोय पाहतात. जो हॉल्डमन यांच्या 'द फॉरएव्हर वॉर' या १९७४ च्या कादंबरीतली फौज प्रामाणिक आहे, कडवी आहे, परंतु प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास केल्यामुळे तिचे सैनिक काही महिन्यांच्या मोहिमेवरून परततात तेव्हा पृथ्वीवर दशके, पुढे पुढे शतके उलटून गेलेली असतात. हॉल्डमन स्वतः व्हिएतनाममध्ये लढले आणि जखमी झाले होते. परतलेल्या सैनिकाला आपलेच गाव परके वाटते ही वेदना त्यांनी सापेक्षतेच्या गणितात बसवली. कादंबरी म्हणून ती थोर आहे. दोस्त म्हणून मात्र अशा फौजेचे काय करायचे? आज कुमक मागवली तर ती येईपर्यंत आपला तह, आपले राज्य आणि कदाचित आपली भाषाही शिल्लक नसेल.

दोस्ती कुठून मोडते हे रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९५९ मध्येच नेमके हेरले होते. त्यांच्या 'स्टारशिप ट्रूपर्स'चा आरंभच मुळी मुख्य शत्रूवरच्या हल्ल्याने होत नाही. यांत्रिक चिलखत घातलेले शिपाई आकाशातून कुप्यांमध्ये बसून उतरतात ते शत्रूच्या मित्रजमातीवर, आणि हेतू असतो तिला या दोस्तीची किंमत कळावी हा. पुढे ती जमात खरोखर बाजू बदलते. हे वाचताना नजीबखानाची आठवण न होणे कठीण आहे.

शत्रू संपल्यानंतर काय, हा प्रश्न तर बहुतेक कथा टाळतातच. तो अंगावर घेणाऱ्या थोड्या निर्मितींमध्ये मी 'मास इफेक्ट' या व्हिडिओ गेमची गणना करते. (भाच्याने तो मला खेळायला शिकवला, माझ्या वयाच्या बाईने हे लिहावे का, असा प्रश्न कोणाला पडला असेल तर पडू द्यावा.) त्यात रॅक्नाय नावाच्या कीटकसदृश शत्रूपुढे सगळे हरू लागल्यावर सॅलेरियन ही बुद्धिमान जमात रानटी, चिवट अशा क्रोगनांना तंत्रज्ञान देऊन रणात उतरवते. क्रोगन युद्ध जिंकून देतात, मग त्यांची संख्या भरमसाट वाढते, ते इतरांचे ग्रह बळकावू लागतात आणि नवे युद्ध पेटते. ते थांबवण्यासाठी ट्युरियन ही लष्करी शिस्तीची जमात त्यांच्यावर असा जनुकीय रोग सोडते की त्यांची बहुतेक मुले जन्मालाच येत नाहीत. पुढे शतके उलटतात, नवे संकट येते आणि ट्युरियनांनाच क्रोगनांची मदत मागावी लागते, तेव्हा क्रोगनांची अट एकच असते: आधी तो रोग बरा करा, मग फौजेचे बोला. 'हॅलो' या गेममध्ये कव्हेनंट नावाची धर्माने बांधलेली आघाडी अशीच फुटते. सर्वोच्च धर्मगुरू आपल्या जुन्या, मानी लढवय्यांना बाजूला सारून त्यांच्या जागी अधिक आज्ञाधारक ब्रूट आणतात आणि ते लढवय्ये कालपर्यंतच्या शत्रूला, म्हणजे माणसांना, येऊन मिळतात.

असे सगळे चाळणीतून काढल्यावर माझ्या हाती पायदळ म्हणून एकच नाव उरते: फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' या १९६५ च्या कादंबरीतले फ्रेमेन. बादशहाचे सार्डाउकर तुरुंगग्रहाच्या छळातून घडलेले आणि साऱ्या विश्वाला धाक घालणारे, आणि त्यांनाही अराकिसच्या वाळवंटातली ही माणसे भारी पडतात. पण मी त्यांना निवडते ते त्यांच्या शौर्यामुळे नव्हे. दोस्ती कशी करायची याची एक काटेकोर रीत त्यांच्याकडे आहे, आणि ती या कादंबरीतल्या एका प्रसंगात दिसते. अराकिसची राजधानी शत्रूच्या हाती पडल्यावर तिथल्या ड्यूकचा वृद्ध सल्लागार थुफिर हवात आपल्या उरल्यासुरल्या जखमी माणसांसह खडकांच्या आडोशाला बसलेला असतो. त्याला फ्रेमेनांची मदत हवी असते. फ्रेमेन मात्र पुन्हापुन्हा त्याच्या जखमींविषयी पाण्याचा निर्णय काय, असे विचारत राहतो. हवातला वाटते, हा पाण्याच्या टंचाईबद्दल बोलतो आहे. फ्रेमेनचे म्हणणे असे, की जो फार जखमी आहे त्याच्या देहातले पाणी टोळीच्या कामी यायला हवे. तेवढ्यात एक जखमी मरतो. हवात मन घट्ट करून त्याचा देह फ्रेमेनांच्या हवाली करतो, आणि त्या क्षणापासून दोघे पाण्याच्या बंधनाने बांधले जातात. ना कागद, ना शिक्का. दोन माणसे एकमेकांच्या बोलण्याचा चुकीचा अर्थ लावत असतात आणि तरीही तह होतो, कारण एकाने आपल्याला न कळलेली पण समोरच्याला पवित्र असलेली गोष्ट मान्य केली. त्याआधी ड्यूकच्या दरबारात फ्रेमेनांचा नाईक स्टिलगार मेजावर थुंकतो आणि सारे खवळून उठतात, तेव्हा ड्यूकचा शिलेदार डंकन आयडाहो त्यांना आवरतो; जिथे थेंबाथेंबाला मोल आहे तिथे स्वतःच्या देहातला ओलावा देणे हा सन्मान असतो, हे त्याला ठाऊक असते. पेशव्यांच्या बाजूने दिल्लीच्या दरबारात हिंगणे वकिली करत, ते याच प्रकारचे काम. दोन्हीकडचे मन ओळखणारा असा एक माणूस नसेल, तर दोन फौजा पहिल्याच भोजनाला एकमेकींवर तलवार उपसतील.

फ्रेमेनांचे उणे उघड आहे. त्यांच्याकडे आरमार नाही. अराकिसच्या आकाशात टेहळणी उपग्रह फिरू नयेत म्हणून ते अंतराळवाहतूक करणाऱ्या गिल्डला मसाल्याची, म्हणजे फक्त अराकिसवर मिळणाऱ्या अमोल पदार्थाची, लाच देतात. आकाशावरचा त्यांचा ताबा एवढाच. म्हणून त्यांच्या जोडीला मी ट्युरियन देते. पंधराव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नागरिकाने राज्याची सेवा करायची, असा त्यांचा रिवाज. आरमार प्रचंड, शिस्त कडक, पण काहीशी ठोकळेबाज. गनिमी कावा हा त्यांचा पिंड नव्हे. दोस्त सांभाळण्याचा सराव मात्र त्यांना आहे: व्होलस नावाची बुटकी, श्वसनपोशाखाशिवाय जगू न शकणारी जमात त्यांच्या आश्रयाला आहे, आणि संरक्षणाच्या बदल्यात ती त्यांचे अर्थकारण सांभाळते. एकाकडे जमीन, दुसऱ्याकडे आकाश. एकाच्या तोफांपुढे दुसऱ्याचे घोडदळ येण्याचा प्रश्नच नाही. एक गोष्ट तेवढी आधी ठरवावी लागेल. फ्रेमेन वाळवंटात ऊर्जाकवच वापरत नाहीत, कारण त्याच्या कंपनाने महाकाय वाळूकिडे पिसाळून धावून येतात. तेव्हा एखादा ट्युरियन आपले संरक्षक कवच चालू ठेवून वाळूत उतरला, तर शत्रूच्या आधी किडाच मोहिमेचा निकाल लावील.

आणि दाणागोटा? इथे काकांचा आणि माझा मतभेद झाला. आपल्या पृथ्वीवरची सजीवसृष्टी प्रथिनांसाठी डाव्या घडणीची अमिनो आम्ले वापरते. ट्युरियनांची घडण नेमकी उलट, उजवी. त्यामुळे ते आपले अन्न खाऊ शकत नाहीत आणि आपण त्यांचे. खाल्ले तर पोषण होणार नाही, कदाचित बाधाच होईल. फ्रेमेन मूळचे माणसेच, म्हणजे त्यांनाही हे लागू. काकांचे मत, की दोन स्वतंत्र पुरवठामार्ग, दोन कोठारे, दोन स्वयंपाकघरे म्हणजे कोणत्याही पुरवठा अधिकाऱ्याची झोप उडालीच म्हणून समजा. माझे म्हणणे उलट आहे. ज्या दोन फौजांना एकमेकींचे धान्य खाताच येत नाही, त्या एकमेकींचे कोठार लुटणार नाहीत आणि उपासमारीच्या महिन्यात तुमच्या पथकाला किती आणि आमच्या पथकाला किती यावरून भांडणार नाहीत. पानिपतच्या छावणीत लढणाऱ्यांबरोबर बुणगे, यात्रेकरू आणि बायकामुले एकाच आटत चाललेल्या साठ्यावर जगत होती. काकांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटले नाही हे दिसत होते.

विजयानंतरचा प्रश्न इथेही सुटत नाही, आणि माझ्या जोडीत तर तो अधिकच भयंकर आहे. मूळ कथामालिकेत फ्रेमेन जिंकतात आणि मग त्यांचे धर्मयुद्ध ग्रहामागून ग्रह जाळत जाते. दुसऱ्या पुस्तकात मृतांचा आकडा एकसष्ट अब्ज सांगितला आहे. हे शक्य झाले, कारण गिल्डचे नाविक मसाल्याशिवाय जहाज हाकू शकत नाहीत आणि मसाल्याची नाडी फ्रेमेनांच्या हाती आली. ट्युरियनांचा प्रवास मात्र मास रिले नावाच्या अंतराळातल्या द्वारांमधून होतो. त्यांना मसाला लागतच नाही, म्हणजे फ्रेमेनांना त्यांची नाडी आवळता येणार नाही आणि त्यांच्या जहाजांशिवाय धर्मयुद्धावर निघताही येणार नाही. दुसऱ्या बाजूने, ज्यांनी क्रोगनांवर तो रोग सोडला त्या ट्युरियनांपासून फ्रेमेनांनीही सावध राहायला हवे.

मग फ्रेमेनांना मोबदला काय द्यायचा? त्यांना हवे आहे ते पाणी. त्यांच्या ग्रहशास्त्रज्ञाने अराकिस हिरवा करायला तीनशे ते पाचशे वर्षे लागतील असा हिशेब मांडला होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते भूमिगत तळी थेंबाथेंबाने भरत आले आहेत. ट्युरियन आरमार धूमकेतूंचे बर्फ ओढून आणू शकेल, तर पाचशे वर्षांचे काम पन्नासात होईल. पण पाणी वाळूकिड्यांना विष आहे. किडे गेले की मसाला गेला, वाळवंट गेले, आणि वाळवंटाने घडवलेला तो चिवट लढवय्याही गेला. हर्बर्ट यांनी पुढच्या पुस्तकांत नेमके हेच दाखवले आहे. म्हणजे ज्या दिवशी दोस्ताचा मोबदला पूर्ण चुकता होईल, त्या दिवशी तो दोस्त म्हणून उपयोगाचा उरणार नाही. खडकवासल्याच्या पाण्यातले पुण्याला किती, दौंड-इंदापूरच्या शेतीला किती आवर्तने आणि कधी, यावर दरवर्षी कालवा समितीत जे रण माजते ते पाहत आलेल्या माणसाला तहनाम्याचे शेवटचे कलम सुचायला वेळ लागत नाही. पाणी एकरकमी देऊ नये. ते आवर्तनांनी द्यावे, प्रत्येक आवर्तनाच्या आधी दोन्ही बाजूंचे वकील समक्ष बसावेत, आणि दक्षिणेकडचे वाळवंट, जिथे किड्यांची पैदास आहे, ते या करारातून कायमचे वगळावे. भाच्याने हे कलम ऐकून विचारले, की फ्रेमेनांनी दक्षिणेसाठीही पाणी मागितले तर? त्यावर काकांचे आणि माझे पहिल्यांदाच एकमत झाले: ते मागणारच, म्हणून तहावर सही करण्यापूर्वीच त्या बोलणीसाठी एक आयडाहो नेमून ठेवावा, आणि तो ट्युरियनांच्या पगारावर नसावा.